टोइंगची मर्यादा शिल्लक, तरीही पिकअप मागून बसते: पेलोड आणि वजनी वर्गांचा हिशोब

अमेरिकेत पिकअपला ट्रॅव्हल ट्रेलर जोडून फिरणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षे जशीच्या तशी ऐकू येते. गाडीच्या माहितीपत्रकात टोइंगची क्षमता ११,००० पौंड लिहिलेली असते, ट्रेलर भरल्यावर जेमतेम साडेआठ हजार पौंडांचा असतो, आणि तरीही ट्रेलर जोडताच गाडीची मागची बाजू खाली बसते, हेडलाइटचा झोत समोरच्या गाड्यांच्या आरशांत जातो, स्टिअरिंग हलके लागू लागते आणि शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलतो. मालक मागच्या स्प्रिंगजवळ हवेच्या पिशव्या बसवून घेतो, गाडी पुन्हा सपाट दिसू लागते, आणि पुढच्या लांबच्या प्रवासात स्टिअरिंगचा हलकेपणा व झुलणे दोन्ही परत येतात. कुटुंबाच्या सुट्ट्यांसाठी अशी जोडी घेणारी मराठी घरे तिकडे आता कमी नाहीत, आणि भारतात या आकाराच्या पिकअप विकल्या जात नसल्याने घरातल्या मोठ्यांचा अनुभवही येथे उपयोगी पडत नाही. म्हणून हा हिशोब मुळापासून मांडलेला बरा. पुढे सर्व वजने पौंडांत दिली आहेत, कारण तिथल्या गाड्यांवर आणि काट्याच्या पावत्यांवर तीच वापरली जातात. १,००० पौंड म्हणजे सुमारे ४५४ किलो.

दोष बहुतेक वेळा इंजिनात, गिअरबॉक्समध्ये किंवा स्प्रिंगमध्ये नसतो. ज्या आकड्याकडे पाहून खरेदी केली, तो आकडा या कामासाठी पुरेसा नसतो. टोइंगची क्षमता म्हणजे गाडी किती वजन ओढू शकते, तर पेलोड म्हणजे ती स्वतःच्या चाकांवर किती वजन वाहू शकते. मेख अशी की ट्रेलरचे काही वजन ओढले जात नाही, ते थेट गाडीच्या पाठीवर येऊन बसते. साध्या ट्रेलरच्या दांड्याचा हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, पडणारा हा भार, ज्याला टंग वेट म्हणतात, ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. त्याहून कमी ठेवला तर ट्रेलर झुलू लागतो. म्हणजे साडेआठ हजार पौंडांच्या ट्रेलरचे साडेआठशे ते पावणेतेराशे पौंड पेलोडमधून वजा होतात, आणि त्यानंतर उरलेल्या जागेत माणसे, कुत्रा, सायकली, लाकूडफाटा व हिचचे स्वतःचे लोखंड बसवायचे असते.

माहितीपत्रकातला आकडा खोटा नसतो, पण तो कोणत्या परिस्थितीत काढला आहे हे पाहिले पाहिजे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने क्षमता जाहीर करीत असे. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे-२८०७ ही समान चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध केली. टोयोटाने ती २०११ च्या मॉडेलांपासून स्वीकारली आणि डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्यांच्या (फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम बनवणारी क्रायसलर) हलक्या पिकअप २०१५ च्या सुमारास तिच्याखाली आल्या. या चाचणीतला सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा घाट. कोलोरॅडो नदीच्या काठापासून वर जाणारा हा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, १०० अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक उष्णतेत, एसी पूर्ण चालू ठेवून, एकेरी मागच्या चाकांच्या, म्हणजे मागे प्रत्येक बाजूला एकच चाक असलेल्या, गाडीने ताशी ४० मैलांखाली न येता पार करायचा असतो. चाचणी कडक आहे यात शंका नाही. मात्र तिच्यात चालक व एक सहप्रवासी प्रत्येकी १५० पौंडांचे धरले जातात आणि साध्या ट्रेलरचा टंग वेट १० टक्केच मोजला जातो. मागच्या बाकावर दोन मुले, हौद्यात जनरेटर आणि १३ टक्के टंग वेट असलेल्या खऱ्या कुटुंबाला हा आकडा लागू पडत नाही. शिवाय जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा ठरावीक इंजिन, ठरावीक ॲक्सल-गुणोत्तर आणि बहुधा साध्यात साध्या आवृत्तीचा असतो, तर शोरूममध्ये उभी असलेली गाडी चामड्याची आसने, काचेचे छत आणि आपोआप खाली येणाऱ्या पायऱ्या घेऊन आलेली असते. हा प्रत्येक अलंकार पेलोडमधून कापला जातो.

दारावरची पट्टी आणि वर्गांची गोष्ट

पहिले काम म्हणजे चालकाचे दार उघडून खांबावरच्या दोन पट्ट्या वाचणे. पिवळी किनार असलेल्या टायरच्या पट्टीवर माणसे व सामान मिळून किती किलो आणि किती पौंडांपेक्षा अधिक नसावे हे लिहिलेले असते, आणि तो आकडा कारखान्यातून निघालेल्या त्या विशिष्ट गाडीचा असतो. डीलरने नंतर बसवलेले हौद्याचे झाकण किंवा पायऱ्या त्यात धरलेल्या नसतात. दुसऱ्या पट्टीवर गाडीची कमाल एकूण वजनमर्यादा, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, आणि पुढच्या व मागच्या ॲक्सलच्या स्वतंत्र मर्यादा असतात. हिचच्या चौकोनी नळीवरही एक लहान लेबल असते. त्यावर वजन वाटून देणाऱ्या हिचसह (जिचे ताणलेले दांडे मागे आलेला काही भार पुढच्या चाकांवर व ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतात) आणि त्याविना अशा दोन वेगळ्या मर्यादा छापलेल्या असतात, आणि अनेक हलक्या पिकअपमध्ये दुसरी मर्यादा आश्चर्य वाटावे इतकी लहान असते.

अमेरिकी वर्गवारी याच जीव्हीडब्ल्यूआरवर उभी आहे. ६,००१ ते ८,५०० पौंड हा वर्ग २ए. फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० आणि रॅम १५०० या ‘हाफ टन’ गाड्यांपैकी बहुतेक त्यात मोडतात. ८,५०१ ते १०,००० हा वर्ग २बी, म्हणजे एफ-२५० आणि २५०० या नावांच्या ‘पाऊण टनी’ गाड्यांचे परंपरागत घर. १०,००१ ते १४,००० हा वर्ग ३, म्हणजे एफ-३५० आणि ३५०० ही ‘एक टनी’ मालिका. अर्धा, पाऊण आणि एक टन ही बोलीतली नावे फार जुन्या काळच्या पेलोडवरून आलेली असून आजच्या गाड्या त्याहून कितीतरी अधिक वाहतात, तेव्हा त्यांवरून हिशोब करू नये.

यातली १०,००० पौंडांची रेघ नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण सर्वांत महाग गैरसमज तिथेच होतो. राज्याराज्यांतून व्यवसायासाठी ये-जा करणारे वाहन १०,००१ पौंडांच्या जीव्हीडब्ल्यूआरपासून संघीय व्यावसायिक नियमांखाली येते आणि अनेक राज्यांत नोंदणीचे शुल्कही वजनावर ठरते. त्यामुळे पाऊण टनी गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांच्या कागदावर जीव्हीडब्ल्यूआर नेमका १०,००० लिहिलेला असतो, मग आत कोणतेही इंजिन असो. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा शेकडो पौंडांनी जड असते. परिणाम असा होतो की चार दारांची, चारही चाकांना ताकद देणारी, डिझेलची २५०० गाडी रिकामीच ७,८०० ते ७,९०० पौंडांच्या घरात जाते आणि तिच्या दारावर जेमतेम २,१०० पौंडांचा पेलोड उरतो. त्याच वर्गातली पेट्रोलवर चालणारी, साध्या आवृत्तीतली एफ-२५० त्याहून बरेच अधिक वाहते, जरी ती घाटात हळू चढत असली तरी. एफ-१५० विकून मोठ्या हौसेने डिझेलची आलिशान २५०० घेतलेल्या माणसाला जेव्हा कळते की पेलोड फक्त चार-पाचशे पौंडांनी वाढला, तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नाही.

एफ-२५० आणि एकेरी मागच्या चाकांची एफ-३५० या दोन गाड्यांत सांगाडा, इंजिन आणि केबिन जवळपास एकच असतात. मागचे स्प्रिंग आणि पट्टीवरचा आकडा वेगळा असतो. एकेरी चाकांच्या एक टनी गाड्यांचा जीव्हीडब्ल्यूआर साधारण ११,००० ते १२,४०० च्या दरम्यान जातो, म्हणजे किमतीतल्या किरकोळ फरकात पेलोड दीड ते दोन हजार पौंडांनी वाढू शकतो. रॅमच्या बाबतीत मात्र फरक अंगाखाली जाणवतो: २०१४ पासून रॅम २५०० च्या मागे गुंडाळी स्प्रिंग आहेत, तर ३५०० च्या मागे लीफ स्प्रिंग, ज्यांना आपल्याकडचे गॅरेजवाले पाटे म्हणतात. रिकामी असताना २५०० गुळगुळीत चालते, पण भार आल्यावर पाट्यांचे महत्त्व कळते. ट्रेलर ओढणे हाच उद्देश असेल आणि नोंदणीची विशेष अडचण नसेल, तर डिझेल इंजिनासह २५० किंवा २५०० घेण्याला मला फारसे कारण दिसत नाही.

आणखी एक बारकावा. पेलोडची पिवळी पट्टी लावण्याचा संघीय नियम १०,००० पौंडांपर्यंतच्याच गाड्यांना लागू आहे. त्यावरच्या गाडीवर ती न सापडल्यास गाडी पूर्ण इंधनासह काट्यावर नेऊन, आलेले वजन जीव्हीडब्ल्यूआरमधून वजा करावे.

काट्यावर तीन वेळा

अंदाजाने हा प्रश्न सुटत नाही. वजन करावेच लागते. अमेरिकेतील महामार्गांवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल या नावाचे काटे असतात. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल वेगवेगळ्या पट्ट्यांवर उभे राहतात आणि पावतीवर तिन्ही वजने स्वतंत्र येतात. प्रवासाला निघताना जशी भरलेली असते तशीच गाडी, तीच माणसे आत बसवून, तीन वेळा तोलावी: एकदा ट्रेलर जोडून वजनवाटप हिचचे दांडे ताणलेले असताना, एकदा ते दांडे सोडून, आणि एकदा ट्रेलर बाजूला उभा करून नुसती गाडी.

आकड्यांनिशी पाहू. समजा हाफ टन गाडीचा जीव्हीडब्ल्यूआर ७,१०० आहे, मागच्या ॲक्सलची मर्यादा ३,८०० आणि दारावरचा पेलोड १,६५०. चौघांचे कुटुंब ५८० पौंड, हौद्यातले सामान १५०, हिचचे डोके ८०. नुसती गाडी तोलल्यावर पुढे ३,५०० आणि मागे २,७६०, म्हणजे एकूण ६,२६० पौंड भरतात. आता ८,३०० पौंडांचा ट्रेलर जोडला आणि दांडे सैल ठेवले, तर पुढे ३,०६०, मागे ४,२८० आणि ट्रेलरच्या ॲक्सलवर ७,२२० असे आकडे येतात. गाडीचे वजन ७,३४० झाले, म्हणजे टंग वेट १,०८० पौंड, ट्रेलरच्या १३ टक्के, अगदी जसा हवा तसा. पण हिचचा चेंडू, ज्यावर ट्रेलरचा दांडा बसतो, मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे गाडी तराजूच्या दांडीप्रमाणे कलली, पुढच्या चाकांवरचे ४४० पौंड उचलले गेले आणि ते मागच्या ॲक्सलवर पडले. हलके स्टिअरिंग आणि वर गेलेला हेडलाइट या दोन्ही लक्षणांचे मूळ या ४४० पौंडांत आहे.

दांडे ताणल्यावर पुढे ३,२९०, मागे ३,९०० आणि ट्रेलरवर ७,३७० असे वाटप होते. पुढचे निम्मे वजन परत आले, जे अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांना अपेक्षित असते. काही कंपन्या वेगळे प्रमाण सांगतात, म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका पाहावी, आणि पुढचे वजन मूळच्या आकड्याहून वर जाईल इतके दांडे कधीही ताणू नयेत, कारण मग मागच्या चाकांची पकड कमी होते. एवढे करूनही गाडी ७,१९० वर, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआरच्या ९० पौंड वर आहे आणि मागचा ॲक्सल १०० पौंडांनी ओलांडला आहे. ११,००० पौंडांच्या टोइंग क्षमतेत अजून २,७०० पौंड शिल्लक दिसतात, पण त्यांचा येथे काही उपयोग नाही.

या टप्प्यावर उपाय स्वस्त असतो. हौद्यातले १५० पौंड सामान ट्रेलरमध्ये, त्याच्या ॲक्सलच्या बरोबर वर ठेवले की गाडी आणि मागचा ॲक्सल दोन्ही मर्यादेत येतात आणि टंग वेटही फारसा हलत नाही. तेच सामान ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात टाकले तर त्यातला बराच भाग दांड्यावरून गाडीवर परत येतो. अगदी मागच्या टोकाला ठेवले तर टंग वेट घटून झुलणे सुरू होते. पिण्याच्या पाण्याची टाकी कुठे आहे हेही पाहावे. एका गॅलन पाण्याचे वजन ८.३४ पौंड असते, त्यामुळे ५० गॅलनची टाकी म्हणजे ४१७ पौंड. ती ॲक्सलच्या पुढे असेल तर भरलेली टाकी टंग वेट वाढवते, मागे असेल तर कमी करते. मुक्कामाच्या ठिकाणी पाणी मिळत असेल तर टाकी भरून नेण्यात अर्थ नाही. ट्रेलरच्या माहितीपत्रकातला टंग वेट रिकाम्या ट्रेलरचा असतो, आणि दांड्यावरच बसवलेली बॅटरी व भरलेली गॅसची टाकी बहुधा त्यात धरलेली नसते, हेही विसरू नये.

हवेच्या पिशव्यांबद्दल स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक पैसे तिथे वाया जातात. त्या गाडीची मागची बाजू उचलतात, पण पुढच्या चाकांवर एकही पौंड परत आणत नाहीत आणि ॲक्सल, टायर, ब्रेक किंवा जीव्हीडब्ल्यूआर यांपैकी कशाचीही मर्यादा वाढवीत नाहीत. दोन-तीनशे पौंड शिल्लक असलेल्या, नुसत्या बसक्या दिसणाऱ्या गाडीला त्या शोभतात. मर्यादा ओलांडलेल्या गाडीत त्या फक्त लक्षण झाकतात, आणि तक्रार दरवर्षी परत येण्याचे हेच मोठे कारण आहे.

फिफ्थ व्हील आणि जोडचाके

ट्रेलर जेव्हा हौद्यातल्या कडीवर बसतो, म्हणजे फिफ्थ व्हील असतो, तेव्हा भार मागच्या ॲक्सलच्या जवळजवळ वर येतो. त्यामुळे पुढची चाके हलकी होत नाहीत आणि झुलण्याचा त्रासही कमी होतो, पण पिन वेट, म्हणजे त्या कडीवर येणारा भार, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के असतो. १४,००० पौंडांच्या फिफ्थ व्हीलचा २१ टक्क्यांनी पिन वेट २,९४० होतो. त्यात हिच १५० आणि माणसे ५८० मिळवली की ३,६७० पौंड. २,१०० पौंड पेलोडची डिझेल २५०० येथे वाईट रीतीने हरते, जरी तिची फिफ्थ व्हीलची जाहीर क्षमता १४,००० पेक्षा अधिक असली तरी. एकेरी चाकांची एक टनी गाडी, १२,००० जीव्हीडब्ल्यूआर आणि ७,९०० रिकामे वजन धरल्यास, ४,१०० पौंड वाहते आणि हे काम सांभाळते.

मग अडते ते टायरवर. या गाड्यांना सर्रास येणाऱ्या १८ इंची एलटी (लाइट ट्रक) टायरचा भारांक १२५ असतो, म्हणजे प्रत्येकी १,६५० किलो, जोडीचे ७,२७५ पौंड, तेही पूर्ण ८० पीएसआय हवा असताना. मागच्या ॲक्सलवर रिकाम्या गाडीचे ३,३००, पिन आणि हिचचे ३,०९० आणि माणसांच्या वाट्याचे ३०० धरले तर ६,६९० होतात. येथे जागा आहे. ट्रेलर १६,००० चा आणि पिन वेट २२ टक्के झाला की हीच बेरीज ७,२७० वर जाते आणि टायरकडे पाच पौंड उरतात. एकूण वजनही तोवर १२,१५० झालेले असते. त्याच्या पुढे मागच्या बाजूला चार चाके असलेली ड्युअली हाच मार्ग आहे, आणि पार्किंगची व गाडी धुण्याच्या यंत्राची गैरसोय सोसावी लागते.

ड्युअलींमध्येही आकडे फसवतात. फोर्डची एफ-४५० पिकअप ठरावीक रचनेत गूजनेक ट्रेलर, म्हणजे हौद्यातल्या चेंडूवर बसणारा ट्रेलर, ४०,००० पौंडांपर्यंत ओढते, तर एफ-३५० ची कमाल ओढण्याची क्षमता त्याहून कमी. पण पेलोडमध्ये एफ-३५० पुढे आहे, कारण दोघींचा कमाल जीव्हीडब्ल्यूआर १४,००० आणि एफ-४५० स्वतः अधिक जड. तिचा रुंद पुढचा ॲक्सल आणि साडेएकोणीस इंची व्यावसायिक चाके वळणांवर व ओढण्यात कामी येतात. ४०,००० पौंडांच्या गूजनेकचा किमान १५ टक्के भार धरला तरी ६,००० पौंड पाठीवर येतात, हा हिशोब ज्याचा त्याने आपल्या दारावरच्या पट्टीशी ताडून पाहावा. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: १०,००० पौंडांवरच्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी तिथे साधा परवाना पुरत नाही, आणि फिफ्थ व्हीलचे नियम वेगळे आहेत.

सगळी वजने मर्यादेत असूनही ट्रेलर झुलत असेल तर

टंग वेट १० टक्क्यांखाली नाही ना हे काट्याच्या पावतीवरून पुन्हा पाहावे. जोडलेला ट्रेलर समपातळीत किंवा नाकाकडे किंचित खाली असावा; नाक वर असल्यास हिचच्या चेंडूची उंची कमी करावी. गाडीच्या मागच्या टायरमध्ये थंड असताना पट्टीवर सांगितलेली हवा भरावी, कारण मऊ झालेल्या टायरच्या बाजू लवचिक होऊन झुलणे वाढवतात. ट्रेलरच्या टायरवर वेगमर्यादा लिहिली आहे का ते पाहावे. अनेकांची ती ताशी ६५ मैलच असते. प्रत्यक्ष झुलणे सुरू झालेच तर स्टिअरिंग सरळ धरावे, ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडीच्या ब्रेकला हात न लावता डॅशबोर्डवरच्या नियंत्रकाने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत, म्हणजे ट्रेलर मागे ओढला जाऊन रेषेत येतो. हा नियंत्रक कुठे आहे आणि किती जोराने ब्रेक लावतो, हे निघण्यापूर्वी रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी २० मैलांच्या वेगाने तपासून घ्यावे.